कुढत वाजवू नकोस

प्रिय लेकरा,

सलाम.

तुझा निरोप रात्री वाचला आणि सकाळी चहाआधी पुन्हा वाचला. लांबलचक आहे, पण मुद्दा एवढाच. उपासनेला कीबोर्ड तू कॉलेजात गेल्यापासून फुकट वाजवतेस. यंदाच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे मंडळीच्या मोठ्या मेळाव्याला, समितीनं शहरातून वर्शिप टीम, म्हणजे भक्तिगीतं गाणारा-वाजवणारा संच, बोलावली, तिला मानधन ठरलं, आणि तुला सांगितलं काय, तर त्यांची साउंडची जोडणी तेवढी बघ. आता तू विचारतेस, "मास्तर, मी पैसे मागितले तर देवानं दिलेलं दान विकल्यासारखं होईल का?"

होणार नाही. माग.

हे माझ्याकडून ऐकून तू चक्रावशील. लग्नातलं, मयतीतलं, नाताळातलं पेटी वाजवल्याचं एकही पाकीट मी घेतलं नाही, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. काहींना तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण मी घेतलं नाही म्हणून तूही घेऊ नये, असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही. उलट बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढ. यरुशलेमचा कारभारी नहेम्या परत येऊन बघतो तर मंदिरातले लेवी, म्हणजे तिथले सेवक, आणि गायक जागेवर नाहीत. कुठं गेले? आपापल्या शेतावर. का? त्यांचा वाटा त्यांना कोणी दिला नव्हता. नहेम्या गायकांना ‘तुमची भक्ती कमी पडली’ म्हणत नाही. तो अधिकाऱ्यांना धरतो, देवाचं घर का सोडून दिलं म्हणून विचारतो, आणि गायकांना परत आणून उभं करतो. हा अध्याय तुझ्या समितीनं वाचायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा.

तुला माझं सांगणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. घ्यायचं तर तोंडानं मागून घे. द्यायचं तर मोकळ्या हातानं दे. पण कुढत देऊ नकोस. फुकट वाजवायचं आणि मनात हिशेब ठेवायचा, हे तिसरं जे तू सध्या करते आहेस, ते ना सेवा आहे ना धंदा.

आणि ते ऐकू येतं, बरं का. मागच्या रविवारी अर्पणाच्या गीताला तू ठेका पुढं ओढत होतीस. म्हातारी माणसं श्वासासाठी थांबतात तिथं तू थांबली नाहीस, पुढं निघून गेलीस. ट्रान्सपोजचं, म्हणजे आपोआप पट्टी बदलणारं, बटण दाबून सगळी गीतं एकाच हातसवयीनं काढलीस. बाकी कोणाला कळलं नसेल. मला कळलं.

निवासमंडपाची, म्हणजे मोशेच्या लोकांनी रानात देवासाठी उभारलेल्या तंबूची गोष्ट तू संडे स्कूलमध्ये रंगीत चित्रांतून शिकलीस, त्यामुळे ती नीट वाचलेली नाहीस, हे मी पैजेवर सांगतो. बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकाचे पस्तीस ते अडतीस हे अध्याय सलग वाच. लोक माप, धातू आणि पडद्यांची नावं आली की पानं उलटतात. मी तिथंच रेंगाळतो. ज्याच्या मनाला स्फूर्ती झाली त्यानं आणलं, असं तिथं वारंवार येतं. बायकांनी हातानं सूत कातून आणलं, काहींनी बकऱ्याच्या केसांचं सूत कातलं. पितळेचं गंगाळ तर दर्शनमंडपाच्या, म्हणजे त्याच तंबूच्या, दाराशी सेवा करणाऱ्या बायकांच्या आरशांचं झालं. शेवटी काम करणारे कारागीरच हातातलं काम सोडून मोशेकडे आले आणि म्हणाले, लागतं त्यापेक्षा जास्त येतंय. मोशेनं छावणीत दवंडी पिटली की आता पुरे, आणू नका. आपल्या कुठल्या बांधकाम निधीवर अशी पाळी आलेली मला तरी आठवत नाही. सुगीच्या सणाला लिलावात गावठी कोंबडी हजाराला सोडवणारी आपली माणसं पेटीचा भाता फाटला म्हटलं की खिसे चाचपत बसतात.

पण त्याच अध्यायांत चांदीचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कोणी प्रवचनात सांगत नाही. चांदी स्वखुशीची नव्हती. वीस वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पुरुषामागं अर्धा शेकेल, असे 6,03,550 जण मोजले आणि 100 किक्कार 1775 शेकेल चांदी जमली. शेकेल आणि किक्कार ही तेव्हाची वजनं, 3000 शेकेलांचा एक किक्कार. श्रीमंतानं जास्त द्यायचं नाही, गरिबानं कमी द्यायचं नाही. त्या 100 किक्कारांच्या 100 उथळ्या, म्हणजे खांब-फळ्यांच्या बैठका, ओतल्या, ज्यांवर अख्खा मंडप उभा राहिला. म्हणजे पाया सक्तीच्या वर्गणीचा आणि वरचं सोनं, निळं, जांभळं, किरमिजी सगळं मनाचं. देवाला दोन्ही चाललं. पण दोन वह्या वेगळ्या होत्या. अर्ध्या शेकेलला कोणी ‘माझं प्रेमाचं अर्पण’ म्हटलं नाही, आणि मनानं दिलेल्या सोन्याची पावती कोणी मागितली नाही. तू दोन्ही एकाच वहीत लिहितेस, म्हणून तुझा ताळा बसत नाही.

आणखी एक. थोडी पानं मागं, बत्तिसाव्या अध्यायात, याच लोकांनी कानांतली सोन्याची कुंडलं काढून दिली होती, वासरू बनवायला. तेव्हाही कोणी कुरकुरलं नव्हतं. त्यामुळे कोणी भरभरून देतोय म्हटल्यावर मी लगेच हुरळून जात नाही. कशाला देतोय, ते बघतो. तुझ्या त्या कन्व्हेन्शनच्या मंचावरच्या लाइटिंगचा खर्च ऐकला, आणि गप्प बसलो.

आता बसालेल, त्या मंडपाचा मुख्य कारागीर. देवाच्या आत्म्यानं भरला, असं शास्त्रात पहिल्यांदा ज्याच्याबद्दल लिहिलंय तो याजक नव्हे, संदेष्टा नव्हे. सोनं, रुपं, पितळ घडवणारा, हिरे जडवणारा, लाकूड कोरणारा माणूस. म्हणून ‘मी काय, फक्त वाजवते’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. मला त्याचा राग येतो. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं भाषांतर केलं, तेव्हा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायला त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच बायका होत्या. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून आलेल्या. खिळा उलटा बसला की शब्द बिघडतो. तिथं ‘भावना महत्त्वाची’ म्हणून कोणी सोडून दिलं असेल असं मला वाटत नाही. फुकटचं काम आहे म्हणून कच्चं करायची मुभा नाही. कच्चं काम हेसुद्धा कुढत देणंच आहे, जरा सभ्य पद्धतीचं.

तू विचारशील, मग तुम्ही का नाही घेतले? तुझी काकू हेच विचारते, अजून. मला शाळेचा पगार होता, हे पहिलं आणि खरं कारण. पहिल्या तारखेला पैसे येणाऱ्या माणसाला पाकीट परत करणं सोपं जातं. तुझं तसं नाही. तू शिकवण्यांवर फी भरतेस, ते मी विसरलेलो नाही. दुसरं कारण टिळक. भजनं लिहिणारे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा काढला. दोनच वर्षांनी ते गेले. ज्यांची भजनं रोज हाताखाली येतात त्या माणसानं असं केलेलं असताना मी पाकिटाला हात लावावा, हे मला जमेना. हट्ट म्हण. पण मग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’सुद्धा वाच. टिळकांच्या उदारपणाचा घरातल्या डब्यांवर काय परिणाम होत होता, ते त्या हसत हसत सांगतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो, आणि काकूनं पुस्तक हातातून घेऊन वाचलं तेव्हा ती हसली नाही. देणाऱ्यानं आपलं द्यावं, घरच्यांचं देऊ नये. माझ्या बाबतीत हा फरक दर वेळी राहिला, असं मी शपथेवर सांगणार नाही. तरीही पुन्हा वेळ आली तर मी पाकीट घेणार नाही. यात तर्क शोधू नकोस.

पण मला जे खरंच लागून राहिलंय ते पैशाचं नाही. पस्तिसाव्या अध्यायात बसालेल आणि त्याचा जोडीदार अहलियाब यांच्याबद्दल लिहिलंय की देवानं त्यांच्या मनात दुसऱ्यांना शिकवायचंही घातलं. नुसता हात दिला नाही, तो दुसऱ्याच्या हातात उतरवायची बुद्धीही दिली. मी वाजवत राहिलो. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक घरोघरी आहे, शब्द कुठं जात नाहीत. चाली मात्र माणसांत असतात. नेवाशाकडच्या खेड्यांतल्या ज्या बायांकडून मी जुन्या चाली ऐकल्या, त्यांतल्या बहुतेक आता नाहीत, आणि मी त्या स्वरलिपीत उतरवल्या नाहीत. प्रत्येक वेळी कोणीतरी बोलवायचं, मी पेटी उचलून जायचो, आणि लोक म्हणायचे, मास्तर किती सेवा करतात. तुला हे सांगतोय कारण तूही त्याच रस्त्यानं चालली आहेस. सगळ्या रविवारांना हो म्हणणं हे तुला त्याग वाटतो. कधी कधी तो नुसता नकाराचा कंटाळा असतो.

तर असं कर. कन्व्हेन्शनला वाजवायची इच्छा असेल तर समितीला लेखी विचार: त्या टीमबरोबर मलाही गीतं द्याल का, आणि मानधन त्यांच्याइतकं की नाही. नाही म्हणाले तर फुकट वाजवायचं की घरी बसायचं, ते तू ठरव. दोन्हीला माझा आशीर्वाद आहे. साउंडचं काम मात्र आवडत नसेल तर घेऊ नकोस. घेतलंस तर केबली गुंडाळताना तोंड पाडून फिरू नकोस. रविवारची उपासना तू मनानं देत असशील तर ती त्या वहीत आणू नकोस, तिचा उल्लेखही करू नकोस त्या पत्रात. आणि महिन्यातला एक रविवार सुट्टी घेऊन माझ्याकडे ये, फोन चार्ज करून आण. चाळीस-पन्नास चाली अजून माझ्या डोक्यात आहेत, काकूला माझ्यापेक्षा दोन-चार जास्त येतात, आणि ती काळी दोनच्या पट्टीत गाते, तेव्हा ट्रान्सपोजचं बटण घरी ठेवून ये.

समितीचं पत्र पाठवण्याआधी मला दाखव. रागात तू फार लांब लिहितेस.

तुझे,
मास्तर