वाचकांचे प्रश्न : झाडे गेली, तरी गोल्फचे मैदान कठीण कसे झाले?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडमधील सरे परगण्यात राहतो आणि तेथील हीथच्या, म्हणजे हेदरच्या झुडपांनी भरलेल्या वालुकामय माळावरील एका मैदानावर गोल्फ खेळतो. अलीकडे त्या मैदानाचे नूतनीकरण झाले. पाइन आणि बर्चची पुष्कळ झाडे तोडण्यात आली, फेअरवे, म्हणजे चेंडू खेळवत नेण्याची कापलेल्या गवताची वाट, रुंद केले, बंकर, म्हणजे अडथळ्यासाठी ठेवलेले वाळूचे खड्डे, नव्याने बांधले आणि हेदर पुन्हा वाढू दिले. झाडे कमी आणि वाट रुंद, म्हणजे खेळ सोपा, असे मला वाटते. भाऊ दूरवर फटका मारणारा चांगला खेळाडू आहे, तरी त्याला आता अधिक फटके लागतात. त्याच्याबरोबर खेळणारे एक वयस्क गृहस्थ मात्र मैदान सुसह्य झाल्याचे सांगतात. खरे कोणाचे? शिवाय इतकी झाडे तोडणे आम्हा गोंयकारांच्या मनाला पटत नाही.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते, कारण मैदानाचे काठिण्य हे मैदानाच्या अंगी जितके असते तितकेच ते खेळणाऱ्याच्या फटक्यावर अवलंबून असते. आपल्या भावाचे आणि त्या गृहस्थांचे चेंडू एकाच ठिकाणी पडत नाहीत, म्हणून दोघांना मैदानही एकच भेटत नाही.

दाट झाडांमधून गेलेल्या अरुंद फेअरवेवर खेळाडूला सरळ मारणे एवढेच साधावे लागते. झाडे काढली की तीन गोष्टी बदलतात. झाडांनी अडवलेला वारा मोकळा होतो आणि उंच गेलेल्या चेंडूला बाजूला ढकलू लागतो. सावली हटल्यामुळे ऊन आणि हवा जमिनीपर्यंत पोहोचते, ओलसर मऊ गवताच्या जागी घट्ट, कोरडी हिरवळ तयार होते आणि पडलेला चेंडू थांबण्याऐवजी दूरवर घरंगळतो. आणि जेथे पूर्वी झाडाला आपटून चेंडू कधीकधी फेअरवेवर परत येत असे, तेथे आता हेदर असते. हेदर दिसायला निरुपद्रवी आहे. ऑगस्टमध्ये त्याला जांभळी फुले येतात तेव्हा सारा माळ देखणा होतो. परंतु त्याच्या काटक देठांच्या जाळीत चेंडू खोल रुततो, फटका मारताना ते देठ क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, दांड्याला आणि पात्याला विळखा घालतात, पाते वळते आणि चेंडू भलत्याच दिशेला जातो. अनुभवी खेळाडू तेथून मोठा फटका मारण्याचा मोह टाळतो आणि आखूड क्लबने चेंडू जवळच्या हिरवळीवर काढून घेतो, म्हणजे एक फटका गेलाच.

हे ध्यानात घेतले की आपला प्रश्न उलगडतो. भावाचा लांबवर गेलेला चेंडू कोरड्या जमिनीवर आणखी घरंगळत हेदरपर्यंत पोहोचतो. वयस्क गृहस्थांचा फटका आखूड आणि बहुधा सरळ असावा. तो हेदरपर्यंत जातच नाही, उलट कोरडी जमीन त्यांना काही यार्ड फुकट मिळवून देते आणि झाडांमध्ये चेंडू हरवणेही बंद होते.

रुंदीमुळे आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडते, आणि मला स्वतःला नूतनीकरणातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. फेअरवे रुंद असला तरी त्यावरील प्रत्येक जागा सारख्या मोलाची नसते. ग्रीनच्या, म्हणजे चेंडू घालायच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, डाव्या अंगाला बंकर असेल, तर फेअरवेच्या उजव्या बाजूने दुसरा फटका सोपा आणि डाव्या बाजूने अवघड. सरेमधील वोकिंग येथील गोल्फ क्लबात विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन लो आणि स्टुअर्ट पॅटन या सभासदांनी चौथ्या होलवर, म्हणजे मैदानाच्या चौथ्या टप्प्यावर, फेअरवेच्या ऐन मध्यावर दोन बंकर खोदविले, तेव्हा सरळ मारलेल्या चेंडूला शिक्षा कशासाठी, असे म्हणून सभासद संतापले होते. बंकरच्या दोन्ही बाजूंना जागा होती; फक्त कोणत्या बाजूने जायचे हे टी, म्हणजे पहिला फटका मारण्याची जागा, सोडण्यापूर्वीच ठरवावे लागू लागले. ज्याला केवळ फेरी पूर्ण करायची आहे त्याला अशी रुंदी दिलासा देते, आणि ज्याला पारपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या प्रमाण फटक्यांपेक्षा, कमी फटके हवे आहेत त्याला ती विचार करायला लावते.

आता झाडांविषयी. आपली हळहळ मी समजू शकतो, पण हीथचा माळ मुळात उघडाच असतो. कांस्ययुगापासून तेथील माणसांनी रान साफ केले, गुरे चारली, सरपण आणि नेचे कापून नेले, आणि त्या अखंड वापरामुळे निकस, आम्लधर्मी वाळूवर हेदरचा माळ टिकून राहिला. चराई थांबली, 1950च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाच्या साथीने कोवळी रोपे खाणारे ससे मेले, आणि बर्च व पाइनची रोपे मोकाट वाढली. विली पार्क ज्युनियर यांनी आखलेले, अशाच हीथवरील सनिंगडेल क्लबचे जुने मैदान 1901 मध्ये सुरू झाले, तेव्हा ते बहुतांशी उघड्या माळावर होते. 1800 पासून इंग्लंडने सखल प्रदेशातील हीथपैकी सुमारे चार पंचमांश गमावले आहे, आणि डार्टफर्ड वॉर्बलर, रातवा, वाळूतील सरडा यांना असाच उघडा माळ लागतो. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या सड्यावर अकेशिया लावली की दुरून हिरवे दिसते, पण पावसाळ्यात सड्यावर उमलणारी इवली फुले तिच्या पालापाचोळ्याखाली गुदमरतात. तसाच हा प्रकार आहे. अर्थात झाडे तोडून हेदर परत आणलेच नाही, तर ते नूतनीकरण म्हणायला मी तयार नाही.

प्रश्न : मैदानाचे काठिण्य आकड्यात मोजता येते का?
— एक वाचिका, वास्को

उत्तर : येते, पण अपुरे. मूल्यमापक प्रत्येक होल दोन काल्पनिक खेळाडूंच्या नजरेने तपासतात. पुरुषांसाठी एक निष्णात, ज्याचा पहिला फटका 250 यार्ड जातो, आणि दुसरा साधारण, ज्याचा फटका 200 यार्ड जातो. पहिल्याला अपेक्षित फटक्यांवरून कोर्स रेटिंग ठरते; दोघांच्या फटक्यांतील तफावत वाढली की स्लोप रेटिंग वाढते. स्लोप 55 ते 155 या मर्यादेत असून 113 हा प्रमाण आकडा आहे. हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, 18 असणाऱ्याला 113 स्लोपच्या मैदानावर 18 फटक्यांची सूट मिळते, तर 130 स्लोपच्या मैदानावर 21. यात कोर्स रेटिंग आणि पार यांतील फरक वेगळा मिळवला जातो. झाडे, बंकर, रफमधून, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतातून, सुटण्याची अडचण, ग्रीनचा पृष्ठभाग या सर्वांना गुण असतात, म्हणून झाडे गेल्याने कमी झालेला आकडा हेदरमुळे पुन्हा चढू शकतो, आणि मोठे बदल झाल्यावर फेरमूल्यांकन करावे लागते. मात्र या साऱ्यात लांबीचा वाटा सर्वांत मोठा असतो. चुकीच्या बाजूने ग्रीनकडे येण्याची किंमत या आकड्यात फारशी उतरत नाही.

प्रश्न : असे मैदान गोव्यात होऊ शकेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. हेदरला थंड हवा आणि निचरा होणारी वाळू लागते. आपल्याकडे वर्षाचा सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो आणि त्यानंतर मे अखेरपर्यंत जमीन तापून तडकते. तेथील फेस्क्यू गवत थोड्या पाण्यावर आणि जवळजवळ खताविना तग धरते. येथे गोल्फची हिरवळ जगवायची तर उन्हाळाभर तिला पाणी घालावे लागते, आणि ते पाणी गावातल्याच झरीचे किंवा विहिरीचे असते.