केबल लावूनही ९४ च्या पुढे वेग जात नाही: राउटर तपासण्याआधी आणि तपासताना

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील घरी ३०० एमबीपीएसचे (सेकंदाला ३०० मेगाबिट) फायबर कनेक्शन आहे, राउटरच्या खोक्यावर एसी १२०० छापलेले आहे आणि तरीही केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर वेग ९४ च्या पुढे सरकत नाही, म्हणून राउटर बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो अजून बदलू नये, कारण दर वेळी नेमका ९४ हाच आकडा येणे ही आपल्या प्रश्नातील सर्वांत उपयोगी माहिती आहे.

इथरनेटची, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कची, एक पूर्ण फ्रेम (एका वेळी पाठवला जाणारा माहितीचा गठ्ठा) तारेवर १५३८ बाइट जागा घेते आणि तिच्यातून प्रत्यक्ष माहिती साधारण १४४८ बाइट जाते. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीतून सुमारे ९४ आणि गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) जोडणीतून सुमारे ९४० एवढाच वेग हाती लागतो. तेव्हा आपल्याकडे कुठेतरी जोडणी १०० वर ठरते आहे, आणि त्यात पहिला संशय केबलवर घ्यावा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात दोन महिने राउटरला दोष दिला जात होता. मी केबलच्या टोकाचा कनेक्टर उजेडात धरून पाहिला, तर तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. कनेक्टर कापून नवा क्रिंप केला, म्हणजे पक्कडीने दाबून बसवला, आणि दहा मिनिटांत काम संपले. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' दिसतो, तो आधी पाहावा. तेथे १०० दिसत असेल तर स्पीड टेस्ट पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही.

खोक्यावरच्या १२०० ला फारसे महत्त्व देऊ नये. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे ८६७ यांची ती गोळाबेरीज आहे, आणि तीही वाय-फायच्या हवेतल्या कमाल दराची. एका वेळी एकच उपकरण बोलू शकत असल्यामुळे त्याच खोलीत बसूनही ८६७ पैकी ५००-६०० मिळाले तरी उत्तम समजावे. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

राउटर स्वतः किती वेग पेलतो हे पाहायचे असेल, तर इंटरनेट बाजूला ठेवावे, नाहीतर आपण सेवा देणाऱ्याची लाइन मोजत बसतो. गिगाबिट पोर्ट असलेले दोन लॅपटॉप घेऊन दोन्हींवर आयपर्फ-३ हे दोन संगणकांमधला वेग मोजणारे मोफत साधन बसवावे आणि आधी ते एकाच केबलने थेट एकमेकांना जोडून मोजावे. येथे ९४० च्या आसपास आकडा आला, तरच पुढचे मोजमाप विश्वासार्ह ठरते. मग एक लॅपटॉप राउटरच्या वॅन पोर्टला (जेथे एरवी इंटरनेटची केबल येते) जोडून त्यावर आयपर्फचा सर्व्हर चालवावा, राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनला हाताने आयपी पत्ता द्यावा आणि दुसरा लॅपटॉप लॅन पोर्टला (घरातल्या उपकरणांसाठीच्या) लावावा. दोन्ही लॅपटॉप लॅनच्याच पोर्टांना लावणे ही नेहमीची चूक आहे, कारण तेव्हा माहिती राउटरच्या प्रोसेसरकडे न जाता आतल्या स्विच चिपमधूनच परस्पर जाते आणि राउटर आहे त्याहून भारी वाटतो. प्रत्येक चाचणी तीस सेकंदांची असावी, तीन वेळा घ्यावी आणि उलट दिशेनेही घ्यावी, कारण डाउनलोडचा मार्ग तोच असतो.

यानंतर राउटरमधील क्यूओएस (कोणत्या वापराला प्राधान्य द्यायचे ते ठरवणारी सोय) किंवा पालक-नियंत्रण चालू करून पुन्हा मोजावे. अनेक स्वस्त राउटरांत नॅटचे, म्हणजे घरातल्या सर्व उपकरणांना एकाच इंटरनेट पत्त्यावरून चालवण्याचे, काम प्रोसेसरऐवजी वेगळ्या हार्डवेअरकडे सोपवलेले असते. या सोयी चालू करताच माहितीचे प्रत्येक पॅकेट (फ्रेममधून जाणारा तुकडा) प्रोसेसरला हाताळावे लागते आणि वेग निम्म्याखालीही येऊ शकतो. आपले कनेक्शन युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारे पीपीपीओई असेल, तर त्याचा राउटरवर पडणारा भार वरच्या चाचणीत पडत नाही, हेही लक्षात घ्यावे. मोठ्या फ्रेमांत गिगाबिटला सेकंदाला ८१ हजार पॅकेट पुरतात, पण सर्वांत लहान फ्रेम असतील तर तोच आकडा १४.८८ लाखांवर जातो, म्हणून आयपर्फवर चांगला दिसणारा राउटर लहान पॅकेटांच्या गर्दीत अडखळू शकतो.

आपण आधी आठही तारा शाबूत असलेली केबल लावून पाहावी, फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंतचीही. तरीही ९४ च राहिले, तर मॉडेलच्या तपशिलात पोर्टांची क्षमता वाचावी. एसी १२०० म्हणून विकल्या जाणाऱ्या काही राउटरांना पोर्ट १०० चेच असतात, आणि तसे असेल तर ३०० च्या कनेक्शनसाठी मात्र तो बदलावाच लागेल.