व्हिडिओ गेमचं परीक्षण लिहिताना शर्यतीचा, कोड्यांचा आणि कथाप्रधान गेम, या सगळ्यांना एकाच मोजपट्टीने गुण देता येतात का?

नाही, देऊ नयेत. समोरचा गेम, खेळणाऱ्याला कसला अनुभव देऊ पाहतो हे आधी ओळखा आणि ते त्याला साधलंय का, यावर निकाल द्या. १९८४ साली तयार झालेल्या टेट्रिसमध्ये ना कथा ना पात्रं, तरी तो आजही खेळला जातो, कारण आत्ता ठोकळा कुठे बसवला यावर पुढचा सगळा डाव ठरतो. २०१९ च्या डिस्को एलिसियममध्ये नेहमीची मारामारी जवळपास नाहीच, संवाद हाच खेळ. दोघांना ग्राफिक्स, कथा, आवाज अशा ठरीव रकान्यांत कोंबलं तर दोघांवरही अन्याय होतो.

फायटिंग गेममध्ये मी सगळ्यात आधी बटण दाबल्यावर होणारा उशीर बघतो. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक दिसणारी चित्रं) म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, आणि तिथे तीन-चार फ्रेमनी सामना फिरतो. आळीपाळीने चाली खेळायच्या गेममध्ये तेवढा उशीर जाणवतही नाही. प्लॅटफॉर्मरमध्ये, म्हणजे उड्या मारत अडथळे पार करायच्या गेममध्ये, मेल्यावर पुन्हा उभं राहायला किती वेळ लागतो ते बघा. सेलेस्ट एवढा अवघड असूनही छळत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

मात्र तांत्रिक बिघाडाला कुठल्याच प्रकारात सूट नाही. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काही महिने काढून टाकला. नंतरच्या अपडेट्सनी तो पुष्कळ सुधारला, म्हणून कुठल्या यंत्रावर, कुठली आवृत्ती खेळलात हे परीक्षणात लिहाच.