'शोले' आणि लिओनेनंतर पुढे कोणते जुने वेस्टर्न सिनेमे पाहावेत?

तुम्ही विचारलंय: 'शोले' तोंडपाठ आहे, इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचे ईस्टवुडवाले तिन्ही सिनेमे पाहून झालेत, आता त्याआधीचे अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचे काउबॉय सिनेमे, पाहायचेत. सुरुवात कुठून करू, आणि ते फार संथ तर नाहीत ना?

संथ आहेत. मी गेली वीसेक वर्षं ते त्या संथपणासाठीच बघतोय. लिओनेची माणसं एकमेकांकडे बघत उभी राहतात. या जुन्या सिनेमांतली माणसं शेकोटीभोवती बसतात, काळी कॉफी पितात, बोलतात, आणि कोण कोणाच्या जिवावर उठणार ते त्या बोलण्यातच ठरत जातं.

आधी मोठी नावं. दिग्दर्शक जॉन फोर्डचे 'स्टेजकोच' (1939) आणि 'द सर्चर्स' (1956) चुकवू नका. 'द सर्चर्स'च्या शेवटी सगळे घरात जातात आणि जॉन वेन एकटा दाराबाहेर उरतो. तिथे तो डाव्या हाताने उजवा कोपर धरून उभा राहतो. मूकपटांच्या काळातला वेस्टर्नचा नट हॅरी केरी असा उभा राहायचा. फोर्डने सुरुवातीचे कितीतरी सिनेमे केरीबरोबर केले होते, आणि नुकतीच घरात गेलेली ती वयस्कर बाई म्हणजे केरीची पत्नी ऑलिव्ह. केरी तेव्हा हयात नव्हता. हे माहीत नसलं तरी तो शॉट पोचतो. कळल्यापासून मात्र दर वेळी माझा गळा दाटून येतो.

'हाय नून' (1952) आणि 'रिओ ब्राव्हो' (1959) लागोपाठ बघा. पहिल्यात सूड घ्यायला एक गुंड दुपारच्या गाडीने यायचाय, त्याचे साथीदार स्टेशनवर वाट बघतायत, आणि गॅरी कूपरचा मार्शल गावात दारोदार मदत मागत फिरतो. कोणी येत नाही. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हे मुळीच पटलं नाही. शेरीफने आपलं काम आपण करावं, लोकांच्या हातापाया पडू नये, असं त्याचं मत होतं, आणि त्या मतापोटी 'रिओ ब्राव्हो' निघाला. त्याची पहिली काही मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. दारूच्या एका घोटासाठी तळमळणारा डीन मार्टिन पिकदाणीत फेकलेलं नाणं काढायला वाकतो, आणि या माणसाचं काय झालंय ते तेवढ्यात कळतं.

पण मी हे उत्तर लिहायला बसलो ते बड बेटिकरसाठी. हा दिग्दर्शक तरुणपणी मेक्सिकोत बैलांशी झुंजायला शिकला होता. 1956 ते 1960 या काळात त्याने रँडॉल्फ स्कॉटला घेऊन सात वेस्टर्न केले. साठीला टेकलेला स्कॉट, वाळलेल्या लाकडासारखा चेहरा, कमी पैशांत काढलेले सिनेमे, प्रत्येक सव्वा तासाच्या आसपास. आपल्याकडे कोणाच्या तोंडी यांची नावं येत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ' (1956). रात्र, धो धो पाऊस. एका कपारीत दोघं जण शेक घेत बसलेत. भिजलेला स्कॉट चालत येतो. घोडा नाही. ते त्याला कॉफी देतात. इकडतिकडच्या गप्पा होतात, सिल्व्हर स्प्रिंग्ज गावात झालेल्या खुनाचा विषय निघतो, आणि हवा बदलते. मग कॅमेरा बाहेर, आपल्याला फक्त दोन गोळ्यांचे आवाज ऐकू येतात. पुढच्या दृश्यात स्कॉटजवळ दोन घोडे आहेत. त्या गावातल्या दरोड्यात मेलेली बाई म्हणजे त्याची बायको. तिला तिथे नोकरी करावी लागली ती याच्या ताठ्यापायी: शेरीफची निवडणूक हरल्यावर हाताखालची जागा घ्यायला तो तयार झाला नाही. म्हणजे सूड उगवायला निघालेल्या या माणसाच्या मनात गुन्हेगारांच्या यादीत स्वतःचंही नाव आहे. यातला ली मार्व्हिन बघा. पाऊस पडतोय, छताच्या गाडीत चौघं कॉफी पीत दाटीवाटीने बसलेत, आणि मार्व्हिन एका बाईची 'गोष्ट' सांगतो. ती समोरच्या नवरा-बायकोबद्दल आणि स्कॉटबद्दलच आहे हे चौघांनाही कळतं. पिस्तुलाला कोणी हात लावत नाही, तरी बघताना छातीत धडधडतं. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँने 1957 मध्येच हा सिनेमा डोक्यावर घेतला होता. पुढे तो कितीतरी वर्षं बघायलाच मिळत नव्हता.

याच जोडीचा 'द टॉल टी' (1957) ही बघाच, रिचर्ड बून या खलनायकासाठी. स्वतःच्या पोरसवदा साथीदारांचा त्याला वीट आलाय, आणि बोलायला शहाणं माणूस हवं म्हणून तो ओलीस धरलेल्या स्कॉटशी गप्पा मारतो.

बाकी थोडक्यात. 'द गनफायटर' (1950) मध्ये ग्रेगरी पेक बायको-मुलाला भेटायला मिळावं म्हणून दारूच्या गुत्त्यात बसून राहतो. 'द नेकेड स्पर' (1953) मध्ये जेमतेम पाच माणसं आणि कोलोरॅडोचे डोंगर. 'डे ऑफ द आउटलॉ' (1959) बर्फातला, काळापांढरा, थंडी हाडात शिरते असा. '3:10 टू युमा' मात्र 1957 चाच बघा, नंतरचा नको. दुष्काळात अडकलेला शेतकरी पाण्याच्या हक्कासाठी लागणाऱ्या 200 डॉलरपायी एका दरोडेखोरावर पहारा करायला तयार होतो. हॉटेलच्या खोलीत तो दरोडेखोर गोड बोलून त्याला विकत घ्यायला बघतो. आपल्याकडच्या माणसाला हा शेतकरी समजावून सांगावा लागत नाही.

एक गोष्ट मनात ठेवून बघा. यांतल्या बऱ्याच सिनेमांत मूळ अमेरिकन माणसं म्हणजे टेकडीवरून आरडाओरडा करत येणारा जमाव, एवढंच. ते चूक आहे आणि मला ते खुपतं. 'द सर्चर्स'मध्ये कोमांची म्हणून दिसतात ते नावाहो लोक, त्यांच्याच भूमीवर, मॉन्युमेंट व्हॅलीत. तो सिनेमा निदान नायकाच्या मनातला द्वेष उघडा करून दाखवतो. बाकीचे तेवढंही करत नाहीत.

आता माझा सगळ्यात लाडका, 'राइड लोनसम' (1959). बेटिकर-स्कॉटचाच, 73 मिनिटांचा. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुपारी त्यांच्या खाटेजवळ लॅपटॉपवर लावला होता. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. पहिलाच शॉट, लोन पाइनचे ते गोल गोल प्रचंड दगड, आणि बाबा म्हणाले, "ही तर गब्बरची जागा." 'शोले'चं शूटिंग झालं ते कर्नाटकातलं रामनगर आणि हे कॅलिफोर्नियातलं, पण खरंच तसंच दिसतं. स्कॉट एका खुन्याला पकडून घेऊन चाललाय, खुन्याचा भाऊ मागावर आहे. बाबांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली. थोड्या वेळाने म्हणाले, "हा घाईत नाहीये. मुद्दाम उघड्यावरनं चाललाय. मागच्याने यावं म्हणूनच." सिनेमातल्या माणसांच्या हे बऱ्याच उशिरा लक्षात येतं. कारण मी इथे सांगत नाही.

त्यात बून (हे पात्राचं नाव, वरचा नट रिचर्ड बून नव्हे) आणि व्हिट असे दोन भुरटे आहेत. व्हिटचं काम करणाऱ्या जेम्स कोबर्नचा हा पहिलाच सिनेमा. दोघं बरीच वर्षं एकत्र भटकलेले. माफी मिळाली तर बूनला जमिनीचा एक तुकडा कसायचाय, आणि व्हिटला तो म्हणतो, तू निम्म्याचा भागीदार. व्हिट विचारतो, का? बून म्हणतो, मला तू आवडतोस म्हणून. व्हिट थोडा थांबतो आणि म्हणतो, हे मला माहीतच नव्हतं.

बाबांनी विचारलं, काय म्हणाला तो? मी सांगितलं. म्हणाले, "मागं घे जरा. परत लाव."