गर्भाशयाचा आकार जन्मतःच वेगळा असेल तर

प्रश्न : मी गगनबावडा तालुक्यात राहते. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात माझा गर्भ पडला. आता या जूनमध्ये विसावा आठवडा चालू आहे आणि सोनोग्राफीत ‘बायकॉर्न्युएट युटेरस’ असे निदान झाले आहे. मागच्या वेळी मी पाण्याचे हंडे उचलले म्हणून तसे झाले, असे घरचे म्हणतात आणि आता मला खाटेवरून उठू देत नाहीत. शस्त्रक्रिया करावी लागेल का?

उत्तर : आधी त्या हंड्यांचा दोष मनातून काढून टाका. आपण आईच्या पोटात असताना पहिल्या काही महिन्यांत दोन नलिका एकमेकींना जुळून गर्भाशय तयार होतो; वरच्या भागात हे जुळणे अपुरे राहिले, तर त्याला दोन शिंगांसारखा आकार येतो; यालाच ‘बायकॉर्न्युएट युटेरस’ म्हणतात. म्हणजे ही रचना तुमच्या जन्माआधीचीच आहे.

गरोदरपणात यावर शस्त्रक्रिया करत नाहीत. काही वेळा आत केवळ पडदा असतो, बाहेरचा आकार मात्र नेहमीसारखा असतो. तो पडदा दुर्बिणीने काढता येतो, म्हणून नेमका प्रकार बाळंतपणानंतर त्रिमितीय सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ठरवून घ्यावा. अशा स्त्रियांमध्ये एका बाजूचे मूत्रपिंड नसण्याचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे तीही तपासणी एकदा करून घ्या.

अशा गर्भाशयात जागा कमी पडल्याने बाळ पायाळू राहण्याची आणि अकाली प्रसूतीची शक्यता वाढते, तरीही पुष्कळ स्त्रियांची बाळे सुखरूप जन्मतात. तुमचा मागचा अनुभव पाहता योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी याच आठवड्यात मोजून घ्या. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) द्यावे की मुखाला टाका घालावा, हे डॉक्टर ठरवतील. सतत पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते असे दिसून आलेले नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. जड ओझे टाळा, पण घरात हिंडत-फिरत राहा. केवळ या आकारामुळे सिझेरियन करावेच लागते असेही नाही. बाळाचे डोके खाली असेल, तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते.

मला खरी काळजी वाटते ती पावसाची. तुमचे चोविसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंतचे आठवडे नेमके जुलै ते सप्टेंबरमध्ये येतात. या काळात कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, आणि ती प्रसूतीपूर्वी वेळेवर मिळावी लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरचे रस्ते कसे बंद पडले, हे आपण पाहिले आहे. म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यातच कोल्हापूर शहरात नातेवाइकांकडे राहायला या आणि नवजात बाळांसाठी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवा. सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सरकारी रुग्णालयातही ही नोंदणी होते. पोट वारंवार कडक होणे, कंबरेत थांबून थांबून कळ येणे, रक्त किंवा पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. हे उत्तर सासूबाईंनाही वाचून दाखवा.