वाचकांचे प्रश्न : वर्गातली चिडवाचिडवी आणि विश्वासानं सांगितलेली गोष्ट

प्रश्न : सिडकोतल्या शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका आहे. एका मुलानं मला सांगितलं, की त्याला मुलंच आवडतात. वर्गात त्याला 'बायल्या' म्हणून चिडवतात. पालकांना बोलावून घेऊ का?

उत्तर : नको, बाई. घरी कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. शाळेतून निरोप गेला की मारझोड, बुवाबाजी, प्रसंगी शाळाच बंद, इथवर मजल जाते. स्टाफरूममध्येही विषय काढू नका. तिथली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत शिपायालाही ठाऊक होते. समुपदेशकाला विचारायचं तर मुलाचं नाव न घेता विचारा.

मात्र 'कुणालाच सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. लैंगिक अत्याचार झाला असेल, तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर घरी सांगावंच लागतं. तेव्हाही जिवाची काळजी सांगायची, कुणाबद्दल ओढ वाटते ते नाही. हे दोन अपवाद त्याला आधीच सांगून ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही द्या, मराठीत बोलता येतं.

चिडवण्याचा बंदोबस्त त्याला मध्ये न आणता करा. 'त्याला चिडवू नका' असं भर वर्गात म्हणालात, की उरलेल्यांनाही कळतं कुणाला चिडवायचं ते. शब्द कानावर पडला, कुणालाही उद्देशून असो, तिथल्या तिथे थांबवा : 'हा शब्द माझ्या वर्गात चालणार नाही.' आणि धडा पुढे. व्याख्यान झोडलं की पोरांना गंमत वाटते. तसा खरा त्रास तुमच्या तासाला होतच नाही. होतो तो स्वच्छतागृहात, पीटीचे कपडे बदलताना, व्हॅनमध्ये. मुलगा दिवसभर पाणी पीत नसेल तर समजा, तो तिकडे जायचं टाळतोय. त्याला तास चालू असताना जाऊ द्या आणि मधल्या सुट्टीत त्या बाजूला एक शिक्षक उभा करा.

पुढेमागे घरी कळलं आणि 'याला बरा करा' म्हणत डॉक्टरकडे नेलं, तर? समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 सालीच ती आजारांच्या यादीतून काढली. असे 'उपचार' म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

प्रश्न : गंगापूर रोडला होस्टेलवर राहतो. सिनिअर्स व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्यावरून घाणेरडे मेसेज टाकतात. तक्रार केली तर सगळं उघड होईल ना?

उत्तर : आधी पुरावा. मेसेज कधीही डिलीट होतात, त्यामुळे लगेच स्क्रीनशॉट काढा. तारीख दिसली पाहिजे आणि सेव्ह केलेल्या नावाऐवजी पाठवणाऱ्याचा नंबर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) रॅगिंगविरोधी नियमांतल्या 2016 च्या दुरुस्तीनुसार लैंगिक कलावरून दिलेला त्रास हे रॅगिंगच आहे. कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथे दाद लागेना तर 1800-180-5522 या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर फोन करा. अर्जात कोण, कधी, काय म्हणालं एवढंच लिहा. तुम्ही गे आहात की नाही, हे लिहायची गरज नाही आणि समितीनं विचारलं तरी उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.