मॅक्रो बंद असताना वर्डची फाइल नुसती उघडली तर धोका असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे : ‘आमच्या शिकवणी वर्गात ऑफिस २००७ आहे. मॅक्रो कायमचे बंद केले आहेत. मग मेलवर आलेली वर्डची फाइल नुसती उघडून पाहिली तर काय बिघडणार?’

बिघडू शकतं. मॅक्रो म्हणजे फाइलमध्येच ठेवलेल्या, आपोआप चालू शकणाऱ्या आज्ञा; पण धोका फक्त त्यांचाच नसतो. तुमच्याच आवृत्तीत हे कसं घडतं ते सविस्तर सांगतो, कारण शिकवणी वर्ग, शाळा, छोटी कार्यालयं अशा ठिकाणी ‘मॅक्रो बंद म्हणजे आपण सुरक्षित’ ही समजूत मला सतत भेटते आणि ती ऐकून काळजी वाटते.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयातले संगणक सांभाळतो. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत अपूर्णांक, वर्गमूळ, संकलनाचं चिन्ह टाकायला आमचे सर वर्षानुवर्षं ‘इक्वेशन ३.०’ वापरायचे. समीकरणावर दोनदा क्लिक केलं की एक छोटी खिडकी उघडायची. ती खिडकी म्हणजे वर्ड नव्हे. तो ‘ईक्यूएनईडीटी३२’ (EQNEDT32) नावाचा अगदी स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. डिझाइन सायन्स या कंपनीने तो लिहिला होता आणि ऑफिससोबत जी फाइल येत होती ती ९ नोव्हेंबर २००० रोजी तयार झालेली होती. ऑफिस २००७ मध्ये समीकरणांची नवी सोय आली, तरी जुन्या फाइली उघडता याव्यात म्हणून हा प्रोग्रॅम तसाच ठेवला गेला. सतरा वर्षं.

२०१७ मध्ये एम्बेडी या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्यातलं भगदाड दाखवलं. सुरक्षा त्रुटींच्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१७-११८८२.

समजा, एका सरकारी अर्जावर नावासाठी छोटी चौकट आहे आणि तिच्या लगेच खाली कार्यालयाने लिहून ठेवलंय : ‘हा कागद पुढे टेबल क्र. ४ वर न्यावा.’ कोणी मुद्दाम एवढं लांबलचक नाव लिहिलं की ते चौकटीबाहेर जाऊन त्या ओळीवर चढलं, आणि तिथे आता वेगळाच टेबल क्रमांक दिसू लागला. शिपाई बिचारा वाचेल तिकडे कागद नेणार. प्रोग्रॅमच्या मेमरीत ‘स्टॅक’ नावाची जागा असते, तिथे अगदी हेच होतं. समीकरणाच्या माहितीत फॉन्टचं नाव असतं. ते नाव स्टॅकवरच्या ठरावीक आकाराच्या जागेत उतरवून घेताना हा प्रोग्रॅम त्याची लांबी तपासत नव्हता. नाव लांब असलं की ते पुढे सरकून ‘काम झाल्यावर कुठे परतायचं’ या पत्त्यावर चढायचं.

अशी चूक कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होते. मला जास्त गंभीर वाटतं ते पुढचं. आजचे प्रोग्रॅम दर वेळी मेमरीतली आपली जागा बदलतात, म्हणजे हल्लेखोराला नेमका पत्ता माहीत नसतो. या तंत्राला एएसएलआर म्हणतात. २००० सालच्या या फाइलमध्ये ते नव्हतंच. प्रत्येक संगणकावर तोच पत्ता. शिवाय दुसरा कुठलाही प्रोग्रॅम सुरू करून देणारं विंडोजचं ‘विनएक्झेक’ हे फंक्शन या प्रोग्रॅममध्ये आधीपासूनच वापरलेलं होतं. हल्लेखोराने परतीचा पत्ता तिकडे वळवायचा आणि सोबत आपली आज्ञा ठेवायची, एवढंच काम. फाइल उघडताच समीकरण आपोआप चालू होईल अशी ती रचता येते, दोनदा क्लिक करावंच लागत नाही. हा प्रोग्रॅम वर्डच्या बाहेर, स्वतंत्र चालत असल्याने वर्डला दिलेली संरक्षणं त्याला लागू नव्हती. यात मॅक्रोचा कुठे संबंधच येत नाही. हल्ल्याच्या फाइली बहुधा आरटीएफ या, वर्डला उघडता येणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या असायच्या. त्या प्रकारात मॅक्रो राहतच नाहीत, आणि नावापुढे ‘डॉक’ लावलं तरी वर्ड त्या निमूटपणे उघडतं.

मायक्रोसॉफ्टने १४ नोव्हेंबर २०१७ रोजी दुरुस्ती दिली. ती तपासणाऱ्या झीरोपॅच या, सॉफ्टवेअरच्या त्रुटींवर छोट्या दुरुस्त्या देणाऱ्या गटाच्या लोकांना दिसलं की मूळ कोडवरून प्रोग्रॅम नव्याने बांधलेला नाही, तयार फाइलमध्येच हाताने बदल केलेले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये त्याच प्रोग्रॅममधली अशीच आणखी एक चूक समोर आली आणि मायक्रोसॉफ्टने तो ऑफिसमधून काढूनच टाकला. माझ्या मते हा निर्णय कितीतरी आधी व्हायला हवा होता. तरी हल्ले थांबले नाहीत. मे २०२० मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणांनी २०१६ ते २०१९ या काळात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या दहा त्रुटींची यादी दिली, त्यातही २०१७ ची ही त्रुटी होती. दुरुस्ती येऊन अडीच वर्षं झाली होती. ज्यांच्या संगणकांपर्यंत ती पोचलीच नाही, त्यांच्या जिवावर हे चाललं होतं.

आता तुमच्याबद्दल. ऑफिस २०१० पासून मेलवरून आलेली फाइल आधी ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, उघडते आणि ‘एनेबल एडिटिंग’ दाबेपर्यंत आतली समीकरणं चालू होत नाहीत. तुमच्या २००७ मध्ये ही सोयच नाही. (नव्या ऑफिसमध्येसुद्धा पेन ड्राइव्हवरून आलेल्या फाइलला हे कवच बहुधा मिळत नाही, आणि प्रश्नपत्रिका तर पेन ड्राइव्हवरूनच फिरतात.) आज एक गोष्ट करा : ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ‘कॉमन फाइल्स’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट शेअर्ड’, त्यात ‘इक्वेशन’ हा फोल्डर बघा. ६४ बिटचं विंडोज असेल तर ‘प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)’ मध्ये. तिथे ईक्यूएनईडीटी३२ सापडला, तर जानेवारी २०१८ चा बदल तुमच्या संगणकावर झालेला नाही. ऑफिस २००७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार ऑक्टोबर २०१७ मध्येच संपला, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नका. पैशाची अडचण असेल तर लिबरऑफिस फुकट आहे. चोरीचं ऑफिस घेऊन अपडेट बंद ठेवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

जुन्या प्रश्नपत्रिकांचं काय, ही भीती आमच्या सरांनाही होती. प्रोग्रॅम काढल्यावर समीकरणं दिसतात आणि छापताही येतात, फक्त बदलता येत नाहीत. लिबरऑफिसच्या सेटिंगमध्ये ‘लोड/सेव्ह’खाली मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या पानावर मॅथटाइपची (इक्वेशन ३.० ही त्याचीच छोटी आवृत्ती) समीकरणं आपल्या स्वरूपात बदलून घेण्याचा पर्याय आहे. तो चालू करून आम्ही बारावीचे जुने संच एकेक करून उघडले. बरीचशी समीकरणं नीट आली, काही मॅट्रिक्स मात्र पुन्हा टाइप करावे लागले.